वेसीचं कार्ड

सुवा, ११ ऑगस्ट

लावेनिया वहिनी,

घर बदललंत आणि पत्ता कळवला नाहीत. तो मला चर्चमधल्या अडी मेरेकडून काढावा लागला, आणि तिनं तो देताना असा चेहरा केला, जणू मी तुमच्याकडे वसुलीला निघाले आहे. हे पत्र तिच्याच भाचीबरोबर ऑकलंडला पाठवते आहे. सोबत घोळून प्यायच्या यगोनाची पुडी आहे, ती तुझ्या नवऱ्यासाठी. तुझ्यासाठी काही नाही, कारण तू माझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलेलं नाहीस. नणंदेनं एवढं तरी रुसावं की नाही?

आता कामाचं. तुला नेहमी वाटायचं, आम्ही बहीणभाऊ ऑफिसात दिवसभर पडद्यावरची रंगीत चित्रं बघत बसतो. तर ऐक. इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, तिच्यावर वादळ सोडायचं आणि ती कुठे मोडते ते बघायचं, असं ते काम आहे. पण कॉम्प्युटरला लाकूड ठाऊक नसतं. त्याला वेसीच्या झाडाचं टणक लाकूड काय आणि लोणी काय, सारखंच. हे किती जड, किती वाकतं, कधी मोडतं, उभ्या रेषांच्या दिशेनं किती सोसतं आणि आडवं किती, हे सगळं त्याला सांगावं लागतं. ते ज्यात भरतात त्याला आम्ही मटेरियल कार्ड म्हणतो. एकानं भरायचं, दुसऱ्यानं तपासून कुलूप लावायचं, मग ऑफिसातलं प्रत्येक मॉडेल तेच कार्ड वापरतं. कार्ड चुकलं की पुढचं सगळं चुकतं, चित्रं मात्र तेवढीच सुंदर दिसतात.

आपल्या गावच्या वेसीचं कार्ड तुझ्या नवऱ्यानं भरलं होतं, ऑकलंडला जायच्या आधीच्या आठवड्यात. नव्या सभागृहाच्या छपरासाठी. कुलूप आता मला लावायचं आहे, आणि माझा हात थांबला आहे.

प्रयोगशाळेत लाकूड वाळवून मोडतात. सभागृह तीन बाजूंनी उघडं, समोर समुद्र, आणि फळ्या तर यंदाच कापलेल्या, चर्चच्या कडेला रचून ठेवलेल्या. ओलं लाकूड लवकर मोडतं. म्हणून ताकदीचा आकडा कमी करायचा आणि मगच कार्डात घालायचा, अशी आमच्या ऑफिसची पद्धत आहे. कार्डात आकडा आहे. तो कमी केलेला आहे की करायचा राहिला आहे, हे काही केल्या कळत नाही. शेऱ्याची जागा रिकामी आहे. एरवी तुझा नवरा तिथे काहीतरी लिहितोच. बदलांची नोंद काढली, तर त्यानं एका दुपारी तीन आकडे घातलेले दिसले: आधी मोठा, मग लहान, मग मधला. शेवटी मधलाच ठेवला. आता मधल्याचा अर्थ मी काय लावू?

आहे तो आकडा धरला तर छप्पर मजेत उभं राहतं. आणखी कमी केला तर छपराला तोलणाऱ्या मधल्या दोन कैच्या मोडतात. मग तू म्हणशील, कमीच धर, जीव महत्त्वाचा. अगं, तसं केलं तर पैसा देणारे म्हणतील, लाकूड नको, सुव्याहून लोखंड न्या. गावानं आजोबांच्या वेळची झाडं या छपरासाठी तोडली आहेत. त्या म्हाताऱ्यांना जाऊन सांगायचं, की तुमच्या वेसीत दम नाही? आणि नाही कमी केला, तर नोव्हेंबरनंतरच्या वादळात सगळं गाव त्याच छपराखाली बसणार आहे. आईसुद्धा.

म्हणून तुझ्या नवऱ्याला एवढंच विचार: आकडा कमी केला होतास का? हो किंवा नाही. बाकी मागचं काही काढू नकोस.

तुझी,
वासिती


सुवा, ३० ऑगस्ट

वहिनी,

अडी मेरेची भाची म्हणते पत्र तुझ्या हातात दिलं. म्हणजे पोचलं. मग?

इकडे मी स्वस्थ बसलेली नाही. म्हटलं, नाही सांगत तर राहू दे, लाकूडच पुन्हा तपासू. गावप्रमुखांना निरोप धाडला, की रचलेल्या फळ्यांतली कुठलीही एक पाठवा, निवडू नका. निवडू नका हे दोनदा सांगितलं. बोटीवरून फळी आली ती चटईत गुंडाळून, वर कापड बांधून. उघडली तर आरशासारखी. गावानं बैठक घेऊन सगळ्यांत देखणी फळी निवडली होती, ती चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवली, रंधा मारला आणि खोबरेल तेल चोळलं. प्रयोगशाळेतला माणूस मला विचारतो, ही मोडायची की भिंतीवर लावायची? मोडली. मोडता मोडेना. तिचा आकडा कार्डातल्या तिन्ही आकड्यांच्या वर गेला. आता मी गावाला काय म्हणू? त्यांनी माझा मान राखला. मुलगी शहरात मोठी झाली, तिला कसली तरी फळी कशी पाठवायची, असं त्यांना वाटलं असणार. मी इनोकेकडून आभार कळवले, आणि पुन्हा फळी मागायची मला लाज वाटली.

इनोके पूर्वी होता तसाच आहे. मामेभाऊ असल्याचा पुरेपूर फायदा घेतो. मला ऑफिसात सगळ्यांसमोर ‘बाईसाहेब, आज फळीशी लग्न लागलं का’ असं विचारतो, आणि मी त्याला काही बोलू शकत नाही, कारण आपल्यात मामे-आतेभावंडांनी एकमेकांची खेचायचीच असते. सख्ख्या भावाशी तोंड उघडायचं नाही आणि मामेभावापुढे तोंड बंद होत नाही, असा माझा जन्म चालला आहे.

ही गोष्ट त्या फिलिपाला कशी समजवायची, सांग. वेलिंग्टनहून आमची मॉडेलं तपासायला आलेली बाई. चांगली आहे. तिला कार्डाचा घोळ सांगितला, तर ती म्हणाली, “कार्ड कुणी केलं?” म्हटलं, माझ्या भावानं. “तो हयात आहे ना?” हो. “मग त्याला फोन कर की.” मी तिला सांगितलं, की आमच्या घरात बहीणभाऊ वयात आले की एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. तो मान असतो, भांडण नसतं. सुव्यात आता कितीक जण पाळत नाहीत, पण बाबांनी पाळला आणि आम्हाला पाळायला लावला. तिनं डोळे मोठे केले. “पण तुम्ही एकाच ऑफिसात होता ना? इतकी वर्षं? काम कसं केलंत?” म्हटलं, इनोके निरोप न्यायचा, आणि उरलेलं कार्डांच्या शेऱ्यात. तिनं जुनी कार्डं उघडून बघितली. काँक्रीटच्या एका कार्डावर तुझ्या नवऱ्यानं लिहिलं होतं, ‘वाळू नदीची धरली आहे. आईचं औषध टेबलावर ठेवलंय.’ फिलिपानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली की असल्या गोष्टी मटेरियल लायब्ररीत ठेवायच्या नसतात.

आता तुला खरं विचारते. तो माझ्यावर रागावला आहे तो वरिष्ठपदामुळे ना? मुदलियार साहेबांनी मला विभागाची प्रमुख केलं, आणि त्याला ते साहेबांच्या तोंडून कळलं. माझ्याकडून नाही. मी त्याला आधी कसं सांगणार होते? इनोकेला पाठवून, की जा, तुझ्या आतेभावाला सांग मी त्याची साहेब झाले? की पोलादाच्या कार्डावर शेरा लिहून? मला सुचलं नाही, मी गप्प बसले. मला अजूनही कळत नाही की मी काय करायला हवं होतं. तुला कळत असेल तर तूच सांग.

गावाकडे सामान नेणारी बार्ज सप्टेंबरअखेर सुटते. त्यात छपराचे खिळे-पट्ट्या जायच्या की लोखंडी कैच्या, हे माझ्या सहीवर अडलं आहे. त्यानंतरची बार्ज वादळाच्या दिवसांत, म्हणजे नाहीच म्हण.

वासिती


सुवा, १४ सप्टेंबर

वहिनी,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणायचं म्हणून म्हणते.

‘ते म्हणतात कार्ड बरोबर आहे. आणि साहेब ती आहे, तर तिनंच ठरवावं.’

एवढंच. बाकी पत्रभर हवा, मुलांची शाळा आणि तिकडचा दालोचा कंद कसा बेचव लागतो ते. वहिनी, मी हे वाक्य इतक्यांदा वाचलं आहे, की आता त्याचा काहीच अर्थ लागत नाही. कार्ड बरोबर म्हणजे आकडा कमी करून बरोबर? की प्रयोगशाळेचा आकडा जसाच्या तसा बरोबर उतरवला? दोन्ही बरोबरच की. आणि हे त्याला कळत नाही असं कसं होईल? मला त्यानं शिकवलं आहे, म्हणजे इनोकेमार्फत शिकवलं आहे, की आकड्याला नुसतं बरोबर म्हणायचं नाही, कशासाठी बरोबर ते म्हणायचं.

मी सकाळी ठरवते, तो इतका काटेकोर, त्यानं कमी केलाच असणार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाटतं, तो इतका काटेकोर, कमी केला असता तर शेरा लिहिला असता. संध्याकाळी घरी जाताना वाटतं, त्यानं मुद्दाम लिहिला नाही. माझी परीक्षा बघतोय. मग स्वतःचीच लाज वाटते, कारण त्या छपराखाली त्याचीही आई बसणार आहे. मॉडेल मी रोज दोन्ही तऱ्हांनी चालवते. एकदा छप्पर निळं, म्हणजे उभं; एकदा लाल, म्हणजे मोडलेलं. इनोके म्हणतो, तिसऱ्यांदा चालवलंस तर जांभळं होईल.

त्याला मी खोदून विचारलं, त्या आठवड्यात तुझ्यामार्फत काही निरोप होता का? तो म्हणाला, तो सगळा आठवडा मी रग्बीच्या सामन्यांसाठी नांदी शहरात होतो. म्हणजे नेमका त्याच आठवड्यात आमच्यामध्ये कुणी नव्हतं. कार्ड त्याच्या टेबलावरून माझ्याकडे आलं, आणि मधे एक माणूसही नाही.

मी थकले आहे. काम मला येतं, साहेबांनी मला उगाच प्रमुख केलेलं नाही. पण या एका आकड्यापुढे मी मॅट्रिकच्या मुलीसारखी बसले आहे. आईला फोन केला, ती रेंजसाठी टेकडीवर चढून बोलते, तर तिचं आपलं एकच, की सभागृह फार सुंदर होणार, म्हातारे रोज फळ्या मोजायला जातात. मी तिला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी मी सही करणार. कमी केलेल्या आकड्यावर, म्हणजे लोखंडावर. त्याचा आकडा आधीच कमी केलेला असेल तर मी आजोबांची झाडं फुकट घालवली असं होईल, आणि गाव मला माफ करणार नाही, तेही बरोबरच असेल. त्याला हे वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. मला आता समजेनासं झालं आहे की मी ही पत्रं तुला लिहिते आहे की त्याला.

वासिती


सुवा, २९ सप्टेंबर

दादा,

हे तुला लिहिते आहे. वहिनीला नाही. पाकिटावरही तुझंच नाव घातलं आहे, इसिकेली. ते लिहिताना शाई सांडली, म्हणून डाग आहे.

त्या दिवशी फोनवर आपण लाकडाचंच बोललो. उरलेल्यासाठी हे पत्र. आणि तुला माझ्या बाजूचं काही दिसलं नसेल, तेही सांगते.

तुझा फोन इनोकेच्या फोनवर आला तेव्हा मी सहीचे कागद समोर घेऊन बसले होते. त्यानं नेहमीसारखा स्पीकर लावला. तू म्हणालास, “इनोके, तिला सांग, सही करायच्या आधी...” आणि इनोके, ज्यानं जन्मभर आपले निरोप नेले आणि प्रत्येकात स्वतःचा एक विनोद घातला, तो म्हणाला, “दादा, ती इथे माझ्या हाताच्या अंतरावर आहे. मी रोटी आणायला चाललो.” फोन टेबलावर ठेवला आणि गेला. दारही लावून घेतलं. नंतर कळलं, रोटी-बिटी काही नाही, तो जिन्यात बसून होता आणि कुणाला वर येऊ देत नव्हता.

मला वाटत होतं, आत्ता बाबा दार उघडून आत येतील. माझे हात इतके गार पडले होते की मी ते मांडीखाली घेतले. मग मी म्हटलं, “दादा, मी आहे.”

“वासिती?”

“हो. आकडा.”

“मी कमी नाही केला. कोरडाच आहे. तीन फळ्या मोडल्या, तीन आकडे आले, त्यांतला मधला ठेवला. कमी तू करशील असं धरलं होतं. कुलूप लावणाराच करतो ना?”

“कार्ड भरणाराच करतो. मला वाटलं तू केला असशील.”

“नेहमी कुलूप लावणाराच करतो.”

“नाही दादा. भरणारा करतो असं मी नेहमी धरत आले.”

त्यानंतर तू जे काही म्हणालास ते मी इथे लिहीत नाही, तशी शिवी मी तुझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी त्या दिवशी दुपारभर तू कुलूप लावलेली माझी जुनी कार्डं काढून बसले होते. दोन सापडली जिथे दोघांनीही कमी केला होता. म्हणजे दोन इमारती उगाच जाडजूड झाल्या, कुणाला त्रास झाला नाही. कुणीच कमी केला नाही असं हे पहिलंच. इतकी वर्षं आपण एकमेकांचं काम इतक्या विश्वासानं धरून चाललो, की कुणी काय करायचं हे एकदाही बोललो नाही. बोलणार तरी कसं होतो?

मधल्या कैच्यांखाली खांब द्यायचं तू सुचवलंस, ते माझ्या डोक्यात आलं होतं. पण म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या मधोमध खांब उभे करा, हे गावातल्या मुलीनं सांगायचं कसं? तू म्हणालास, ते मी बघतो, आणि खरंच त्याच संध्याकाळी गावप्रमुखांना फोन केलास. ते आधी चिडले. मग म्हणे तू त्यांना सांगितलंस, की खांबही वेसीचेच राहतील आणि मोठ्या माणसाला पाठ टेकायला काहीतरी लागतंच. हे त्यांना पटलं. मी नव्यानं मॉडेल चालवलं: ओला आकडा, दोन ओळी खांब. फिलिपानं तपासलं. छप्पर टिकतं. मी सही केली, कार्डाला कुलूप लावलं, शेऱ्यात लिहिलं, ‘ओल धरून कमी केला आहे. भावाला विचारून.’ ती बाई म्हणाली, शेवटचे शब्द काढ. मी काढले नाहीत. बार्ज काल सुटली.

आता उरलेलं.

साहेबांनी मला वरच्या पदाचं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं होतं, ते दादाला द्या. ते म्हणाले, त्यानंच तुझं नाव सुचवलं. हे मला तुला विचारायचं होतं, आणि विचारायला वाट नव्हती. तू सुचवलंस, तर मग रागावलास कशाला? मी इतके महिने याच्याभोवती फिरते आहे. फोनवर तू शेवटी जाता जाता म्हणालास, “मला वाटलं, निदान एक शब्द पाठवशील.” म्हणजे एवढंच होतं का ते? नाव तू सुचवलंस आणि माझ्याकडून एक शब्द आला नाही, एवढंच? दादा, मला ठाऊकच नव्हतं की तू वाट बघतो आहेस. मला वाटलं, तुझं तुला कळलं असेल.

आईला कळलं. गावप्रमुखांच्या बायकोनं सांगितलं, की तुझी मुलं फोनवर थेट बोलली. ती टेकडीवर चढली आणि मला धारेवर धरलं. बाप जाऊन वर्ष झालं नाही आणि मान गुंडाळून ठेवलात, लोक काय म्हणतील, तुझ्या आजीनं तर सख्ख्या भावाच्या सावलीवर कधी पाय टाकला नाही. मी ऐकून घेतलं. ती म्हणते ते खोटं नाही. मला अजूनही वाटतं की मी काहीतरी मोडलं आहे, आणि त्याच वेळी वाटतं की छप्पर उभं राहणार आहे. या दोन्हींचं काय करायचं ते मला समजत नाही. बोलून बोलून तिला धाप लागली. मग म्हणाली, “बोललातच, तर मग विचारलंस का, कधी येतोय तो?”

मी म्हटलं, नाही विचारलं, लाकडाचंच बोललो. ती म्हणाली, मूर्ख आहेस.

म्हणून वर मी लिहिणार होते, की आई विचारते आहे तू कधी येणार. लिहिलंही होतं, ते खोडलं. आईचं नाव पुढे करून विचारायचं म्हणजे पुन्हा मधे कुणाला तरी उभं करणंच. मी विचारते आहे. दादा, तू कधी येतोस?

वासिती